कुठल्या पाइपला टॅग नको

हॉस्पिटलच्या एका मजल्याच्या प्लंबिंग ड्रॉइंगवर किती पाइप असतात, असं कुणी विचारलं तर मी आकडा सांगायचं टाळते. आकडा ऐकला की समोरचा हमखास म्हणतो, "पण ते सगळं कॉम्प्युटरच करतो ना?" कॉम्प्युटर बरंच करतो. रेव्हिट या इमारतींचं मॉडेल बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये पाइप काढला की त्याचा व्यास, तो गार पाण्याचा की सांडपाण्याचा, जमिनीपासून किती उंच, उतार किती, हे सगळं त्या पाइपच्या पोटात साठतं. पण कागदावर तो उतरतो नुसत्या रेघेच्या रूपात. त्या रेघेशेजारी व्यास, सिस्टिम आणि उंची सांगणारं छोटंसं लेबल असतं ना, तो टॅग. तो कुणीतरी तिथे लावावा लागतो, आणि गेली काही वर्षं तो 'कुणीतरी' मी आहे.

मी हे काम दापोली तालुक्यातल्या आमच्या गावातून करते. ऑफिस पुण्याला, इमारती आखातात नाहीतर इंग्लंडात, आणि मी माजघरात. पडवीत बसायला आवडलं असतं, पण जांभ्याच्या जाड भिंतींतून वायफाय तिथवर पोचत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्या भागातले विजेचे खांब आडवे झाले, पोफळी-माडांच्या बागा झोपल्या आणि दिवसच्या दिवस लाइट नव्हती. त्यानंतर आमच्याकडे इन्व्हर्टर आला. तो आला म्हणून ही नोकरी गावातून करता येते, नाहीतर पावसाळ्याचे चार महिने रजाच टाकावी लागली असती.

ऑटोकॅडवर ड्रॉइंग व्हायची तेव्हा पाइपशेजारचा मजकूर हा फक्त मजकूर होता. इंजिनिअरने ८० मिलिमीटरचा पाइप १०० चा केला की रेघ बदलायची आणि शेजारचं ८० तसंच राहायचं, कुणाच्या तरी लक्षात येईपर्यंत. रेव्हिटचा टॅग स्वतः काहीच लिहीत नाही, तो पाइपला विचारतो आणि पाइप जे सांगेल ते दाखवतो. व्यास बदलला की टॅग आपोआप बदलतो. त्यामुळे टॅगमध्ये काय लिहायचं हा प्रश्न फार लवकर निकालात निघतो. तो कुठे ठेवायचा, हा प्रश्न मात्र उरतो. आणि त्याच्याही आधीचा प्रश्न असतो: ठेवायचाच का?

रेव्हिटमध्ये 'टॅग ऑल' नावाचं बटण आहेच. ते दाबलं की त्या व्ह्यूमधल्या, म्हणजे पडद्यावर उघडलेल्या दृश्यातल्या, टॅग नसलेल्या प्रत्येक पाइपला टॅग लागतो. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. एल्बो (वळणाचा जोड) आणि टी (फांदीचा जोड) यांच्यामध्ये चार बोटांचा तुकडा असेल, त्यालाही. टॉयलेटच्या मागे जिथे आठ-दहा तुकडे एकमेकांना चिकटून वळतात, तिथे गुळाच्या ढेपेला मुंग्या लागाव्यात तसे टॅग लागतात आणि खालचा पाइप दिसेनासा होतो. मग माणूस बसतो आणि एकेक टॅग उचलून टाकतो. लावायला एक क्षण आणि काढायला सगळी दुपार, असा तो व्यवहार आहे.

म्हणून मी डायनॅमोकडे वळले. रेव्हिटमधली कामं आपोआप करून घेण्यासाठीचा हा इयन किओ यांनी २०११ मध्ये सुरू केलेला ओपन सोर्स प्रकल्प, पुढे रेव्हिट बनवणाऱ्या ऑटोडेस्कने आपलासा केला आणि रेव्हिट २०२० पासून तो रेव्हिटबरोबरच इन्स्टॉल होतो. त्यात ओळीमागून ओळ कोड लिहायचा नसतो. पडद्यावर डबे मांडायचे आणि एकाच्या उजव्या बाजूची तार दुसऱ्याच्या डाव्या बाजूला जोडायची. एक डबा म्हणतो, या व्ह्यूमधले सगळे पाइप आण. दुसरा त्यांची लांबी काढतो. तिसरा चाळणी लावतो. चौथा उरलेल्यांचा मध्यबिंदू शोधतो आणि शेवटचा तिथे टॅग ठेवतो. पाच-सहा डबे, त्यांच्या मधे तारा. पहिल्यांदा हे चालताना बघितलं की जादू वाटते. यूट्यूबवरचे बहुतेक व्हिडिओ तिथेच टाळ्या घेऊन संपतात.

खरी गंमत चाळणीपासून सुरू होते. किती लांबीच्या खालच्या पाइपला टॅग नको? सगळे म्हणतात एक मीटर, कारण आकडा गोल आहे. पण ड्रॉइंग वाचणारा मीटर बघत नाही, तो कागद बघतो. टॅगची अक्षरं कागदावर समजा २५ मिलिमीटर जागा खातात. ड्रॉइंग १:५० असेल तर तेवढ्या जागेत खरा सव्वा मीटर मावतो, १:१०० असेल तर अडीच मीटर, आणि टॉयलेटचा मोठा करून काढलेला १:२० चा तपशील असेल तर फक्त अर्धा मीटर. म्हणजे तोच पाइप एका शीटवर टॅगला पात्र आणि दुसऱ्यावर अपात्र. त्यामुळे माझ्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे या डबे-तारांच्या मांडणीत, लांबीचा आकडाच नाही. कागदावरचे मिलिमीटर आहेत, आणि व्ह्यूचं स्केल काय आहे ते स्क्रिप्ट स्वतः विचारून गुणाकार करते. एवढ्या एका गोष्टीने निम्मी साफसफाई वाचली असं मी म्हणेन, आणि त्यासाठी प्रोग्रामिंग येण्याची गरज नव्हती. प्रिंट हातात घेऊन बघण्याची होती.

उभ्या पाइपांचं तंत्र वेगळं. प्लॅनमध्ये उभा पाइप म्हणजे एक वर्तुळ, त्याला लांबी दिसतच नाही, पण मॉडेलमध्ये तो पूर्ण मजल्याएवढा लांब असतो, म्हणून लांबीच्या चाळणीतून तो सहज सुटतो आणि वर्तुळाच्या डोक्यावर आडवा टॅग येऊन बसतो. त्याला वेगळा टॅग हवा, टॅगपासून पाइपपर्यंत नेणारी लीडरची रेघ हवी, आणि उंचीऐवजी तो कुठला रायझर (मजल्यामजल्यांतून जाणारी उभी लाइन) आहे ते लिहायला हवं. मग उभा कुणाला म्हणायचं? दोन्ही टोकांची उंची वेगळी तो उभा, असं म्हटलं तर सांडपाण्याचे सगळे पाइप उभे ठरतील, कारण ते उतारातच असतात. ५७ ला १ असा उतार धरला तर मीटरमागे साडेसतरा मिलिमीटर फरक पडतो. म्हणून दिशेचा उभा भाग किती ते बघायचं: उतारातल्या पाइपमध्ये तो शून्याला चिकटून असतो, उभ्यामध्ये एकाला. मधली एखादी संख्या धरली की दोन्ही वेगळे होतात. ४५ अंशात खाली उतरणारे थोडे तुकडे मधेच लोंबकळतात, पण ते एरवीही लहानच असतात.

मध्यबिंदूचीही एक खोड आहे. पाइपचा मध्य म्हणजे मॉडेलमधल्या पाइपचा मध्य. शीटवर इमारतीचा एकच भाग दाखवलेला असतो आणि लांबलचक पाइप त्या भागाच्या चौकटीतून बाहेर जातो. त्याचा मध्य चौकटीच्या पलीकडे पडला तर टॅग तिथे जाऊन बसतो, म्हणजे शीटवर दिसत नाही. स्क्रिप्ट म्हणते झालं, पाइप म्हणतो मला टॅग आहे, आणि छापलेल्या कागदावर रेघ उघडी. आधी पाइपची रेघ चौकटीवर कापून घ्यायची आणि उरलेल्या तुकड्याचा मध्य काढायचा, एवढाच उपाय, पण तो कुठल्याही तयार डब्यात मिळत नाही.

डबे-तारांच्या या पद्धतीचे काही स्वभावही आहेत. व्ह्यू एकच असतो, पाइप शेकडो. व्ह्यू एकटा दिला तर डायनॅमो तो प्रत्येक पाइपला वाटतो. पण तोच व्ह्यू 'एकाच वस्तूची यादी' म्हणून आला तर तो दोन याद्या शेजारी ठेवतो, लहान यादी संपली की थांबतो, आणि अख्ख्या मजल्यावर एकच टॅग लावून शांतपणे सांगतो की काम पूर्ण. ज्यात कोड लिहिता येतो त्या पायथनच्या डब्यात शिरलं की आणखी मजा: प्रोजेक्ट कितीही मेट्रिक असो, रेव्हिट पोटात फुटांतच मोजतो, त्यामुळे सगळीकडे ३०४.८ ने गुणा नाहीतर भागा. आणि हो, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणीतरी तीच स्क्रिप्ट पुन्हा चालवली तर पहिल्या टॅगवर दुसरा टॅग तंतोतंत बसतो. पडद्यावर कळतही नाही, फक्त अक्षरं जरा ठसठशीत दिसतात. म्हणून व्ह्यूमधले आधीचे टॅग गोळा करून, ते कुठल्या पाइपचे आहेत ते विचारून, ते पाइप यादीतून वगळणं ही स्क्रिप्टची पहिली पायरी असायला हवी.

एवढं सगळं केल्यावरही शीट बघून समाधान होत नव्हतं. कॉरिडॉरमधून सरळ जाणारा ११० चा पाइप मॉडेलमध्ये सहा-सहा मीटरच्या तुकड्यांत असतो, कारण बाजारात पाइप त्याच लांबीत मिळतो आणि मधे कपलिंग येतं. प्रत्येक तुकडा लांब, सरळ, चाळणीतून पास. मग ११०, ११०, ११०, ११० असं कॉरिडॉरभर. नियमाने सगळं बरोबर आणि वाचायला नकोसं.

याच सुमारास गावात नळाच्या लाइनचं काम निघालं. १५ ऑगस्ट २०१९ ला जल जीवन मिशनची घोषणा झाली तेव्हापासून घरटी नळाच्या गोष्टी आमच्याकडेही सुरू होत्या. आमच्या गावाची जुनी योजना कोकणातल्या कित्येक गावांसारखीच आहे: खाली नदीकाठी विहीर, वर टेपावर टाकी, आणि तिथून उताराने वाड्यांना पाणी. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या पुढे, पण जांभा पाणी धरत नाही, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यात पाळी लावून पाणी सोडावं लागतं, आज वरची वाडी, उद्या खालची. जमिनीखाली कुठला पाइप कुठून गेलाय हे एकाच माणसाच्या डोक्यात आहे. ते म्हणजे आमचे पाणी सोडणारे काका. पंचायतीत ठरलं की नवीन लाइन टाकण्याआधी जुनीचा निदान कच्चा नकाशा हवा, आणि मी 'पाइपांचं काहीतरी कॉम्प्युटरवर करते' ही कीर्ती असल्यामुळे वही घेऊन काकांबरोबर फिरायचं काम माझ्याकडे आलं.

काका पुढे, मी मागे. टाकीपाशी ते थांबले. "हितून तीन इंची." मी लिहिलं. मग आम्ही चालत राहिलो. पाखाडी उतरलो, आंब्याच्या बागेच्या गडग्याला लागून गेलो, काका काही बोलेनात. मी वहीत नुसती रेघ ओढत होते. शेवटी विचारलं, "काका, इथे मधे काय आहे?"

"मधे काय असायचं गो बाय? मधे पाइप."

पुढे फणसापाशी थांबले. इथे व्हॉल्व्ह. हा बंद केला की शाळा आणि शाळेमागची घरं बंद. इथून डावीकडे दोन इंची फुटतो. पुन्हा बरंच चालणं. रस्त्याखालून जिथे लाइन जाते तिथे थांबले, कारण जेसीबी आला की तिथेच फुटते. मग एक जागा, जिथे जुना लोखंडी पाइप संपतो आणि निळ्या पट्ट्यांचा काळा एचडीपीई सुरू होतो. मग दीड इंची होतो ती जागा. बाकी सगळा वेळ काका गप्प, किंवा कुणाच्या घरी मोटर लावून पाणी ओढतात याबद्दल बोलत होते, जे मी वहीत घेतलं नाही.

जिथे काही बदलतं तिथे थांबायचं आणि बोलायचं, बाकी गप्प चालायचं. हे काही काकांचं खास ज्ञान नव्हे. टी-स्क्वेअर घेऊन काम केलेला कुठलाही जुना ड्राफ्ट्समन हेच करायचा: व्यास बदलला, फांदी फुटली, व्हॉल्व्ह आला की लिही, मधे कशाला लिहायचं? त्याला कुणी नियम विचारला असता तर कदाचित सांगताही आला नसता, हाताला माहीत होता. आम्ही रेव्हिटवर आलो आणि पाइप 'वस्तू' झाला, वस्तूला टॅग लावायचा असतो, मग प्रत्येक वस्तूला लावा, असा तो प्रवास झाला. सॉफ्टवेअरला तुकडा दिसतो. काकांना लाइन दिसते. प्लंबरलाही लाइनच दिसते. शिडीवर उभ्या माणसाला सहा मीटरच्या तुकड्यांचं काय, त्याला इथून किती इंची न्यायचा आणि कुठे कमी करायचा तेवढं हवं.

म्हणून स्क्रिप्ट पुन्हा मांडली. आता ती पाइप मोजत नाही, लाइनी मोजते. रेव्हिटमधल्या प्रत्येक पाइपच्या दोन्ही टोकांना कनेक्टर असतो आणि त्याला विचारता येतं की तुझ्या पलीकडे कोण आहे. कपलिंग आलं तर ओलांडून पुढच्या पाइपवर जा. एल्बो आला तर वळून जा. रिड्यूसर (व्यास कमी करणारा जोड) आला की थांब. टी आली की थांब. सिस्टिम बदलली की थांब. अशा रीतीने जेवढे तुकडे हाताला लागले ती एक लाइन, आणि तिच्यातला जो तुकडा या शीटवर सर्वांत लांब दिसतो त्याच्यावर एक टॅग. लाइन कागदभर लांब असेल तरच मधे पुन्हा एक, कारण शीटच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्याने पहिल्या टोकापर्यंत नजर फिरवत यावं ही अपेक्षा बरी नाही. हे चालणं डबे-तारांनी जमत नाही. डायनॅमोत माहिती डावीकडून उजवीकडे वाहते, ती मागे फिरून 'अजून पुढे काही आहे का' असं विचारत नाही. त्यामुळे इथे पायथनचा डबा घ्यावाच लागला, आणि माझ्या मते यात कमीपणा काही नाही. अख्खी स्क्रिप्ट दिसायला सुंदर हवी म्हणून पन्नास डब्यांचं जाळं विणणारे लोक मी बघितलेत. सहा महिन्यांनी ते जाळं त्यांनाही सुटत नाही.

कॉरिडॉर मात्र अजून छळतो. छताखाली गार पाणी, गरम पाणी, गरम पाण्याचा परतीचा पाइप, शेजारी सांडपाणी, सगळे समांतर आणि सगळ्यांचा लांब तुकडा नेमका त्याच कॉरिडॉरमध्ये. टॅग एकमेकांच्या अंगावर पडतात. माणूस ते बाजूला एकाखाली एक रचतो आणि प्रत्येकाची लीडरची रेघ आपापल्या पाइपला नेतो. रचण्याचा क्रम पाइपांच्या क्रमाशी जुळला नाही तर रेघा एकमेकांना छेदतात, म्हणून आधी पाइप एका बाजूने ओळीत लावून घ्यायचे. दोन टॅग एकमेकांवर येतात का ते बघायला टॅगचा आकार लागतो, आणि रेव्हिट जो चौकोन सांगतो त्यात लीडरची रेघही धरलेली असते. त्यामुळे टॅग आधी लीडरशिवाय ठेवायचा, मापून घ्यायचा, मग लीडर चालू करायचा. असल्या आडवळणाला तोड नाही. रेव्हिट २०२२ पासून एकाच टॅगला अनेक लीडर देता येतात, पण ते सारख्याच पाइपांना कामाचं. चार वेगळ्या पाइपांना चार टॅगच लागतात.

हे सगळं करून जे उरतं ते मी स्क्रिप्टला सोडवायला लावत नाही, दाखवायला लावते. ज्या लाइनीला जागा सापडली नाही तिचे पाइप त्या व्ह्यूमध्ये गुलाबी होतात. पुण्याची पोरं डायनॅमो प्लेअरमधून स्क्रिप्ट चालवतात, तिथे आतले डबे दिसत नाहीत, फक्त कागदावरचे मिलिमीटर आणि टॅगचा प्रकार एवढंच भरायचं असतं. सुरुवातीला फोन यायचे, "ताई, गुलाबी का राहिलेत? स्क्रिप्ट बिघडलीय का?" बिघडली नाही, तिथे तू बघ, असं सांगावं लागायचं. ऑफिसमध्ये एक मत असं आहे की गुलाबी शून्यावर आलं पाहिजे. मला ते पटत नाही. शून्यावर आणायला नियम इतके सैल करावे लागतील की पुन्हा टॉयलेटच्या मागे गर्दी होईल, आणि ती गर्दी गुलाबी नसल्यामुळे कुणी बघणारही नाही. आता जे गुलाबी उरतं तिथे पोरं थांबतात, पाइप कुठून कुठे जातोय ते बघतात, आणि त्यातच कधी उलट्या उताराचा पाइप सापडतो.

सध्या मागणी आहे ती हीच स्क्रिप्ट डक्टला, म्हणजे हवा नेणाऱ्या पत्र्याच्या नळीला, लावायची. कनेक्टर तिथेही असतात, चालत जाणं तसंच जमेल. पण चौकोनी डक्ट जवळजवळ प्रत्येक फांदीनंतर आकार बदलतो, म्हणजे 'बदल झाला की लिही' हा नियम तसाच नेला तर टॅग भरमसाट होतील. दुसरीकडे डक्टला रुंदी आहे, १:५० ला सहाशे मिलिमीटरचा डक्ट कागदावर १२ मिलिमीटर येतो आणि टॅग त्याच्या आतच बसतो. म्हणजे तिथे लांबीबरोबर रुंदीही विचारायची, आणि आत मावणाऱ्यांना लीडरच्या भानगडीतून सोडून द्यायचं. तेवढं जमेपर्यंत डक्टचे टॅग हातानेच लावा, असं कालच कळवलंय.